साहेब सुधारायला सांगतात की नुसतं लावून बोलतात, कसं ओळखायचं?

शेवंती_टिळकवाडी

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिलाच. काही चुकलं तर सांगा. कसं सांगायचं, याचाच हा धागा आहे म्हणा.

मी बेळगावात उद्यमबागेत एका हायड्रॉलिक्सच्या कंपनीत डिझाइनला आहे. नाव सांगत नाही. उद्यमबाग ती केवढी, कोण कुणाचा भाचा निघेल नेम नाही.

गेल्या महिन्यात माझ्याकडून चूक झाली. अमेरिकन गिऱ्हाइकाचं मॅनिफोल्ड ब्लॉकचं (तेलाच्या वाटा कोरलेल्या ठोकळ्याचं) ड्रॉइंग आलं होतं, थर्ड अँगलमध्ये. आपल्याकडे चालतो फर्स्ट अँगल. मी ते आमच्या शीटवर उतरवून घेतलं, व्ह्यू होते तिथेच ठेवले आणि टायटल ब्लॉकमध्ये, म्हणजे कोपऱ्यातल्या चौकटीत, अँगलचं सिंबल आमचंच राहिलं. ज्यांना यातलं माहीत नाही त्यांच्यासाठी: फर्स्ट अँगलमध्ये वस्तूची उजवी बाजू मुख्य चित्राच्या डावीकडे काढतात, थर्डमध्ये उजवीकडेच. शॉपमधल्या माणसाने सिंबल बघून बरोबर वाचलं, आणि ब्लॉक आरशातला झाला. या बाजूचे पोर्ट (तेलाची तोंडं) त्या बाजूला. १४ नग भंगारात.

साहेब शॉपमध्ये आले. व्हीएमसी मशीनजवळ ऑपरेटर, दोन हेल्पर, चहा घेऊन आलेला पोरगा, सगळे उभे. सगळ्यांसमोर म्हणाले, "ड्रॉइंग म्हणजे रांगोळी वाटली काय गं तुला? म्हणून म्हणतो, बायकांना डिझाइनला घेऊ नये." आणि त्याच दमात, "रिलीज करायच्या आधी सिंबल बघायचं असतं, कॉलेजात एवढंही शिकवलं नाही?"

चूक माझी, वाद नाही. पण रात्री डोळ्याला डोळा लागला नाही, तो रांगोळीमुळे. सिंबल आठवलं ते थेट दुसऱ्या दिवशी दुपारी.

दुसरीकडे आमच्याकडे एक सीनिअर आहेत. काहीही दाखवा, "छान छान, जाऊ दे पुढे." त्यांना कोणी कधी काही बोलत नाही.

आई म्हणते, पगार देणारा बोलणारच. नवरा म्हणतो, सोड नोकरी. मला दोन्ही पटत नाही. तुम्ही कसं ठरवता, कुठलं बोलणं घ्यायचं आणि कुठलं सोडायचं?

---

तिसरे_रेल्वे_गेट

पयला! (आता वाचतो.)

---

कुंदा_बिनसाखरेचा

निंदकाचे घर असावे शेजारी. धागा संपला.

---

माळमारुती_मर्दा

शेजारी असावे म्हटलंय मर्दा, केबिनमध्ये नव्हे.

---

जुना_मोल्डर

ताई, रागावू नका, पण आताची पोरं फार हळवी. मी १९८३ साली फौंड्रीत लागलो, ३४ वर्षं काढली. आमचे मिस्त्री सकाळी आले की शिव्यांनीच शिफ्ट सुरू. कोणी नोकरी सोडली नाही की झोप उडाली नाही.

पहिल्या महिन्यात माझ्या कास्टिंगला ब्लोहोल, म्हणजे आत पोकळ भोकं, यायला लागले. मिस्त्रींनी माझ्या आईबापाचा उद्धार केला, आणि मग मनगट धरून वाळूत घातलं. "मूठ आवळ." आवळली. "सोड." सोडली. वाळूवर बोटांचे वळ उमटले होते, पण गोळा तळहाताला चिकटत होता. "आता मधून मोड." मोडला तर धड तुटला नाही, लोळा झाला. म्हणाले, "पाणी जास्त. ओतलं की वाफ होणार, वाफेला जायला वाट नाही, मग ती लोखंडात घर करणार." मग दुसऱ्या ढिगातली कोरडसर वाळू हातात दिली. ती कट्‌कन दोन तुकड्यांत मोडली, कडा शाबूत. नंतर कंपनीत मॉइश्चर मीटर आला, तरी मी आधी मूठ आवळायचो.

शिव्या कुठल्या होत्या ते आज विचाराल तर एक सांगता यायची नाही. तेव्हा साहेबांचं बोलणं या कानाने ऐका, त्या कानाने सोडा. सिंबल तेवढं धरा.

---

खानापूरची_बाई

काका, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला, वाळूचं तर फार आवडलं. पण शिव्या तुमच्या लक्षात राहिल्या नाहीत कारण त्या सगळ्यांना सारख्या वाटल्या जात होत्या, प्रसादासारख्या. शेवंतीला जे म्हटलंय ते तसं नाही. सिंबल ती उद्यापासून बघेल. बाई असणं ती काय दुरुस्त करणार?

आणि मिस्त्रींनी तुमचा हात धरून दाखवलं. तिच्या साहेबांनी ड्रॉइंग हातात तरी घेतलं होतं का?

---

जुना_मोल्डर

बायकांबद्दलचं ते वाक्य मी वाचताना ओलांडून गेलो होतो. परत वाचलं. ते चुकलंच. हळवी म्हणालो ते मागे.

---

शेवंती_टिळकवाडी

@खानापूरची_बाई नाही घेतलं. ड्रॉइंग त्या वेळी मशीनच्या पॅनेलला चुंबकाने लावलेलं होतं. साहेबांची पाठ होती तिकडे.

---

निपाणीचा_राजू

आमच्या आईची गोष्ट सांगतो, कामाचीच आहे.

आई विड्या वळायची. दिवसभर सुपात पानं घेऊन बसायची, हजाराच्या हिशेबानं मजुरी. संध्याकाळी कारखान्याच्या खिडकीवर माल द्यायला जायची, मी पिशवी धरायला. तिथं चेकर बसायचा. कट्टा (विड्यांचा जुडगा) हातात घ्यायचा, उलटा-पालटा करायचा आणि मूठभर विड्या बाजूला फेकायचा. त्याला छाट म्हणायचे. छाटीचे पैसे नाहीत, आणि विडीही परत नाही. का काढली, विचारायची सोय नव्हती. "हात नीट चालीव की," एवढंच. घरी येताना आई माझ्याशी बोलायची नाही.

मग दुसरा एक चेकर आला. तोही छाट काढायचाच, कमी काढायचा असंही नाही. पण पहिल्याच आठवड्यात त्यानं एक विडी आईसमोर उकलली. पान सोडवलं, तंबाखू खिडकीच्या फळीवर ओतला आणि बोट ठेवून म्हणाला, "मावशी, हितं बघा, बुडाला गच्च आन तोंडाला पोकळ. ओढणाऱ्याला धूर येत न्हाई." आईनं घरी येऊन दिव्याखाली स्वतःच्या दहा विड्या उकलून बघितल्या. सहा तशाच निघाल्या.

दोघांनीही पैसे कापले. पण पहिल्याचं नाव निघालं की आई अजून, वय ७४, तोंड फिरवते. दुसऱ्याच्या मुलीच्या लग्नाला पातळ घेऊन गेली होती.

---

तिसरे_रेल्वे_गेट

वाचलं सगळं. राजू, _/\_

---

चिक्कोडी_टू_सिल्कबोर्ड

मी उलटी बाजू मांडतो. गोड बोलण्यानेही माणूस बुडतो.

घरात मराठी, शाळेत मराठी, कन्नड गल्लीतलं. बेंगळुरूला सॉफ्टवेअरमध्ये लागलो. टीममध्ये गोकाकचा एक सीनिअर होता. माझा कोड बघून लांबूनच ओरडायचा, "याक ले, हिंग्याक माडिदि?" (का रे, असं का केलंस?) आपल्या भागात ते "ले" म्हणजे खांद्यावरचा हात आहे. तिकडच्या पोरांना मात्र वाटायचं हा मला रोज शिव्या घालतो, एकाने तर एचआरला सांगू का म्हणून विचारलं.

आणि मॅनेजर म्हैसूरकडचे. आवाज कधी चढला नाही. "नोडि, स्वल्प सरि माडि," म्हणजे बघा, जरा नीट करा. बहुवचनात, हसून. मी म्हटलं, स्वल्पच आहे, करू सावकाश. असं चार वेळा झालं. वर्षाच्या शेवटी रेटिंग हातात आलं तेव्हा कळलं, ते चार वेळा मला शेवटचं बजावत होते.

तेव्हापासून आवाजावर जात नाही. उलट विचारतो, "नक्की कुठं, आणि कधीपर्यंत?" उत्तर आलं तर कामाचं बोलणं. "ते तुझं तू बघ" आलं, तर त्या माणसाला मोकळं व्हायचं होतं.

---

कुंदा_बिनसाखरेचा

गोकाकचा माणूस हळू बोलायला लागला की समजावं, करदंट (तिथली मिठाई) संपलं.

---

माळमारुती_मर्दा

बेळगावीत पण तसंच, "छलो ऐति" (छान आहे) म्हटलं की प्रमोशन.

---

कॅम्प_कट्टा

बेळगावी नव्हे, बेळगाव!!

---

संपादक

१ नोव्हेंबर २०१४ ला जे नाव बदललं त्यावर आपल्याकडे आधीच ११ धागे आहेत. कृपया तिकडे. इथला एक प्रतिसाद उडवला आहे.

---

प्रपोर्शनल_व्हॉल्व्ह

धागा हायड्रॉलिक्सवालीचा आहे म्हणून थोडं आमच्या भाषेत. फीडबॅक हा शब्द ऑफिसवाल्यांनी आमच्याकडून उचललाय, आणि अर्धाच उचललाय.

प्रपोर्शनल व्हॉल्व्ह म्हणजे सांगू तेवढंच तेल सोडणारा. त्यात स्पूल, म्हणजे आतला दांडा, सरकतो. तो खरंच किती सरकला हे मोजायला टोकाला एलव्हीडीटी नावाचा सेन्सर असतो. सांगितलं होतं २ मिमी, सरकला १.८, तर कंट्रोल कार्डला कळतं ०.२ कमी आहे, ते तेवढंच ढकलतं. एलव्हीडीटी "तू नालायक स्पूल आहेस" असा सिग्नल पाठवत नाही. पाठवला तरी कार्डाला त्याचं काही करता येत नाही.

आता गंमत. गेन जास्त ठेवला, म्हणजे जराशा फरकाला जोरात प्रतिक्रिया, तर स्पूल जागेवर थांबतच नाही, पुढे-मागे थरथरत राहतो. याला हंटिंग म्हणतात. दर दहा मिनिटाला येऊन "झालं काय, झालं काय" करणारा साहेब आठवा. आणि सिग्नल उशिरा पोचला तरी तेच होतं. जूनमधली चूक मार्चच्या अप्रायझलमध्ये सांगतात ना, तेव्हा माणूस आधीच दुसरीकडे सरकलेला असतो, आणि धक्का जुन्या जागेचा बसतो.

शेवंतीताई, तुमच्या साहेबांचा सिग्नल वेळेवर होता, गेन वेडावाकडा होता.

---

माळमारुती_मर्दा

काय बोलूलालास मर्दा! माझ्या बायकोला वाचून दाखवला, ती म्हणाली तुझा एलव्हीडीटीच बंद आहे.

---

मानसशास्त्राची_मास्तरीण

@प्रपोर्शनल_व्हॉल्व्ह, तुमचा नालायक स्पूल मी वर्गात वापरणार, परवानगी गृहीत धरते.

क्लुगर आणि डेनिसी या दोघांनी १९९६ साली या विषयावरचे तोवरचे प्रयोग एकत्र करून मोजले होते, एकूण ६०७ निष्कर्ष. सरासरी काढली तर फीडबॅकने काम सुधारतं. पण एक तृतीयांशाहून जास्त ठिकाणी ते आधीपेक्षा बिघडलं. त्यांनी दिलेलं कारण थोडक्यात असं, की लक्ष कामावरून निघून "मी कसा आहे" याकडे वळलं की फायदा घटत जातो. आणि हे कौतुकालाही लागू होतं. "किती हुशार गं तू" यानेही लक्ष स्वतःकडेच जातं.

शेवंती, रात्रभर रांगोळी आठवली आणि सिंबल दुसऱ्या दिवशी दुपारी, असं तू लिहिलंस ना, ते हेच.

---

शहापूरची_शलाका

आमच्या एचआरने सगळ्या मॅनेजरना सँडविच शिकवलंय. आधी कौतुक, मध्ये चूक, वर परत कौतुक. आता साहेबांनी "तुझं टायपिंग छान आहे" म्हटलं की माझ्या पोटात गोळा येतो. मधला बटाटा काय असेल म्हणून.

---

मीच_तो_साहेब

लिहू की नको करत तीन दिवस घालवले. मच्छेला माझं छोटं मशीन शॉप आहे, ११ माणसं. मी ओरडतो. शेवंतीताईंच्या साहेबांसारखं बाईपणावर जात नाही, पण चारचौघांत पाणउतारा केलाय, पुष्कळदा. समर्थन नाही, फक्त कसं होतं ते सांगतो. महिन्याच्या ५ तारखेला बँकेचा हप्ता, गिऱ्हाईक पैसे ९० दिवसांनी देणार, आणि समोर रिजेक्ट झालेला जॉब. त्या क्षणी ऑपरेटर दिसत नाही, हप्ता दिसतो. तो हप्ता त्याच्या अंगावर जातो.

त्याची किंमत मला एकदाच मोजावी लागली, पण पुरेशी. एका पोराला बोअर (आतलं भोक) ०.०५ मिमी मोठा केला म्हणून मी सगळ्यांसमोर नको ते बोललो होतो. दोन महिन्यांनी त्याच पोराच्या हातून एका शाफ्टवर टूल आदळला, बारीक चीर गेली. त्याने ती पॉलिश पेपरने घासली आणि जॉब पेटीत ठेवला. शाफ्ट गिऱ्हाइकाकडे जाऊन तुटला. विचारलं तेव्हा म्हणाला, "सांगितलं असतं तर तुम्ही काय केलं असतं, साहेब?" मला उत्तर देता आलं नाही. पोरगा चांगला होता. आता दुसरीकडे आहे.

माफी मागायला अजून जमत नाही. ओरडलो की संध्याकाळी सगळ्यांना वडापाव आणतो. ते समजतात, निदान मी तसं धरून चालतो.

---

खानापूरची_बाई

@मीच_तो_साहेब, वडापाव समजत नाही हो, वडापावच वाटतो. म्हणा एकदा तोंडाने.

बाकी, इथे साहेबांना बोललो तशी माझी मीच कबुली देते. मी तालुक्यातल्या मराठी शाळेत २२ वर्षं शिकवते. पहिली १५ वर्षं प्रगतिपुस्तकात "अभ्यासात लक्ष नाही" हा शेरा डोळे मिटून लिहिलाय. एकदा एका मुलाचे वडील, गवंडी, कामावरून तसेच चुन्याच्या हातांनी आले आणि म्हणाले, "बाई, लक्ष नाही म्हणून मी ह्याला बडवला. आता सांगा, कुठं नाही लक्ष?" मी वही काढली. पोराला सगळं येत होतं, फक्त वजाबाकीत हातचा घेऊन परत द्यायला विसरत होता. एवढंच होतं. त्यासाठी मार खाल्ला होता त्याने. त्यानंतर शेरा लिहिताना वही समोर उघडी असते.

शेवंती, तुला एक युक्ती. साहेब जे बोलले ते शब्दशः कागदावर लिही. मग त्यात तुझ्याबद्दल जे जे आहे त्यावर काट मार. उरेल ते कामाचं. काही उरलंच नाही तर कागद फेकून दे.

---

वकिलीण_कॉलेजरोड

बायकांबद्दलच्या वाक्यावर: तारीख, वार, कोण कोण हजर होते, हे आजच लिहून ठेवा. २०१३ च्या कायद्याप्रमाणे १० किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणी अंतर्गत समिती असावीच लागते, आणि तक्रारीची मुदत साधारण तीन महिने. एका वाक्यावर ती कितपत टिकेल हे कागद बघितल्याशिवाय सांगणार नाही. पण असं वाक्य सहसा एकटं नसतं.

---

कुंदा_बिनसाखरेचा

कान सोनारानेच टोचावे म्हणतात. इथे लोहाराने टोचले.

---

जुना_मोल्डर

लोहाराला नावं ठेवू नका हो.

मला एक वेगळंच विचारायचंय. ताई, ड्रॉइंगच्या कोपऱ्यात "चेक्ड बाय"चा रकाना असतो. त्यात कुणाची सही होती? ड्रॉइंग काढणाऱ्याला स्वतःची चूक दिसत नाही, म्हणून तर तो रकाना केलाय.

---

शेवंती_टिळकवाडी

छान-छान काकांची.

---

जुना_मोल्डर

मग बोलणं खायला दोघं उभे राहायला पाहिजे होते.

---

प्रपोर्शनल_व्हॉल्व्ह

+१. जागेवर अडकलेला एलव्हीडीटी. कायम "सगळं ठीक" दाखवतो. असला फार महागात पडतो.

---

चिक्कोडी_टू_सिल्कबोर्ड

म्हणजे माझे म्हैसूरचे मॅनेजर परवडले. त्यांनी निदान "स्वल्प" तरी म्हटलं.

---

शेवंती_टिळकवाडी

(दोन आठवड्यांनी)

सगळ्यांचे आभार. बाईंची युक्ती केली. साहेबांच्या त्या दिवशीच्या बोलण्याच्या सहा ओळी झाल्या. काट मारत गेले, एक ओळ उरली: रिलीजच्या आधी सिंबल बघ. ती माझ्या मॉनिटरला चिकटवली आहे. वाक्य वकिलीणताई म्हणाल्या तसं तारखेनिशी वेगळ्या वहीत आहे. त्याचं काय करायचं ते अजून ठरलेलं नाही, पण तिथे आहे.

सवय लागली म्हणून साहेबांच्या नंतरच्या दोन बोलण्यांवरही केली. एकदा तीन ओळी उरल्या, चांगल्या होत्या, मला माहीत नव्हत्या. एकदा काहीच उरलं नाही, त्या दिवशी त्यांची मालकांशी जुंपली होती असं नंतर कळलं.

मग परवा नवीन ब्लॉकचं ड्रॉइंग छान-छान काकांना न देता सरळ साहेबांच्या टेबलावर ठेवलं. म्हटलं, "सर, रिलीजच्या आधी चुका काढून द्या, शॉपमध्ये नको." ते माझ्याकडे बघत राहिले. "ठेव," म्हणाले. चार दिवस तिथेच पडून होतं, वर कॅटलॉग, त्यावर डबा. आज परत आलं. तीन ठिकाणी गोल केलेत. शब्द एकही नाही.

---

जुना_मोल्डर

गोल कुठं कुठं आहेत?

---

शेवंती_टिळकवाडी

एक पोर्टच्या थ्रेडवर, डेप्थ लिहायची राहिली होती. दुसरा सरफेस फिनिशवर, ओ-रिंग बसते तिथे मी रफ ठेवलं होतं. दोन्ही बरोबर आहेत.

तिसऱ्यावर अर्धा तास घालवला. डेटम तपासला, होलचे सेंटर परत मोजले, काही सापडेना. शेवटी खिडकीपाशी नेऊन बघितलं. चहाच्या कपाचा डाग आहे.

---

माळमारुती_मर्दा

😂😂 रिव्हिजन बी मध्ये घ्या तो.